खालाची म्हैस आमच्या दावणीला

आमचं गाव बीडला अगदी लागून, पण डोंगराच्या उतारावर. अंगणात उभं राहिलं की खाली शहराचे दिवे दिसायचे. शहरातल्यांना आमचं गाव दिसायचं नाही, कारण आमच्याकडे बहुतेक वेळा लाईट नसायची.

गावात भाषा दोन. निम्मी घरं मराठी, निम्मी दखनी उर्दू बोलणारी, आणि मधल्या भिंती सामाईक. त्यामुळे दोन्ही भाषा सगळ्यांना यायच्या, फक्त त्यांची कामं वाटून दिलेली होती. मराठी घरातला पुरुष दखनी वापरायचा ती भांडायला. भांडण मराठीत सुरू व्हायचं, रंगात आलं की दखनीत जायचं आणि मिटवायला चार माणसं बसली की परत मराठीत यायचं. दखनी घरांत बरोब्बर उलटं, ते मराठीत भांडायचे. म्हणजे आमच्या गावात कुणीच स्वतःच्या आईच्या भाषेत शिव्या देत नसे, आणि गावाला याचा अभिमान होता.

माझे वडील दोन्हीकडे वाकबगार. ते दूध सोसायटीचे संचालक होते. त्यांची दखनी बांधावर ऐकावी आणि मराठी सोसायटीच्या मीटिंगमध्ये. ही मीटिंगची मराठी त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की घरातसुद्धा 'मीठ जास्त झालं' असं न म्हणता ते 'मिठाच्या बाबतीत विचार व्हावा' म्हणायचे. आई विचार करायची नाही, ताटात आणखी भाकरी वाढायची.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी वडिलांनी शेजारच्या खालाची म्हैस विकत घेतली. खालाचे गुडघे गेले होते, तिला धार काढायला बसवत नव्हतं. म्हैस दोन पावलं चालली आणि आमच्या दावणीला आली. तिचं रेडकू दगावलं होतं, तरी आई सडाला हात लावायची आणि चरवी भरायची. आई धार काढताना काहीतरी पुटपुटत असायची. ती देवाचं नाव घेते असा घरात सगळ्यांचा समज होता.

मग पाऊस गेला. विहिरी आटल्या, कडबा संपला, आणि सोसायटीनं खाली सपाटीला जनावरांची छावणी घातली. छावणीचा नियम असा की जनावराबरोबर घरातलं एक माणूस राहिलंच पाहिजे. टँकर गावात कधी येईल याचा नेम नव्हता, त्यामुळे आई घागरी सोडून हलू शकत नव्हती. मला कॉलेज. राहिले वडील. एका संचालकानं म्हशीबरोबर खोपीत राहायचं याचं त्यांना वाईट वाटलं असावं, पण 'संचालकांनी प्रत्यक्ष पाहणी करणे आवश्यक आहे' असं म्हणून ते वळकटी घेऊन गेले.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून म्हैस पान्हा चोरायला लागली. वडील बसले की ती मागं वळून बघायची आणि पाय झाडायची. सोसायटीचा दुसरा नियम असा की जो दूध घालत नाही तो संचालक राहत नाही. वडिलांनी पेंड वाढवली, डॉक्टरला बोलावलं, त्यानं बाटलीभर औषध पाजलं. औषध म्हैस आवडीनं प्यायली, दूध मात्र तिनं दिलं नाही. चौसाळ्याकडचा एक व्यापारी रोज खोपीसमोरून जाताना म्हशीच्या पाठीवरून हात फिरवायला लागला. आटलेली म्हैस दुष्काळात कोण पोसणार? येत्या बाजारी तिला काढायची, असं वडिलांनी ठरवलं.

हे ऐकलं त्या दिवशी आई जेवली नाही. ती म्हैस म्हणजे घरातली एकच गोष्ट, जी आईच्या हाताखेरीज कुणाचा हात ओळखत नव्हती.

आई भिंतीपाशी जाऊन खालाशी बोलली. खालानं विचारलं, "भाई उसके साथ कैसे बोलता?"

ते मला माहीत होतं. मी भाकरी घेऊन जायची तेव्हा ऐकलेलं होतं. वडील म्हशीला म्हणायचे, "सहकार्य कर. आजवर तुला काही कमी केलं का?"

खाला इतकी हसली की तिला ठसका लागला. मग ती मला म्हणाली, "बाप को बोल, लहानपनसे वो दखनीच सुनी हाय. उसकू हमारी जबान में मना."

आई मान खाली घालून लुगड्याचा पदर चाळवत होती. देवाचं नाव कुठलं, ती इतके दिवस म्हशीशी खालाच्या भाषेत बोलत होती. सगळा संसार त्या भिंतीपाशी गेलेला, भाषा तिथंच तोंडी बसली.

निरोप ऐकून वडील भडकले. "ती म्हैस हाय. तिला भाषा कावून लागती?" पण बाजार जवळ आला होता. माझ्यासमोरच त्यांनी घसा साफ केला आणि दखनीत सुरुवात केली. आता त्यांची दखनी म्हणजे बांधावरची. तिच्यात म्हशीची आई, आजी आणि पुढच्या सात पिढ्या येऊन गेल्या. म्हशीनं चरवी शेजारच्या खोपीत उडवली. शेजारचा म्हणाला, "संचालक, आमी काय केलंय बे?"

दुसऱ्या दिवशी मला म्हशीपाशी बसवून वडील डोंगर चढून आले आणि खालाच्या उंबऱ्यासमोर बसले. पुढचं मला आईनं सांगितलं. खाला एक वाक्य म्हणायची, वडील ते मागून म्हणायचे. "आ गे मेरी माँ." "भूक लगी क्या गे?" शब्द सगळे येत होते, आवाज येत नव्हता. तोंडातून वाक्य निघालं की ती नोटीस वाटायची. खालानं शेवटी कपाळावर हात मारला. "भाई, गाली नको दे, वसूली नको कर. पूछ. खाली पूछ."

वडील कधी कुणाला नुसतं विचारत नसत. मला याचा राग यायचा, आजही येतो. त्यांचे प्रश्न म्हणजे हिशेब असायचे: कुठं गेलतीस, किती वेळ लागला, का लागला.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी आईला राहवलं नाही. घागरी खालाच्या भरवशावर सोडून ती भाकरी घेऊन माझ्याबरोबर छावणीवर आली. म्हशीचा निरोप घ्यायचा होता तिला. आम्ही खोपीच्या मागं पोचलो आणि आतून आवाज आला. आधी मला वाटलं, दुसरंच कुणी आहे.

"खायी क्या गे? थकी क्या? धूप लई हुई ना गे आज?"

आणि चरवीत धार पडत होती.

आईच्या डोक्यावर भाकरीचं गाठोडं तसंच. मी तिच्याकडे बघितलं आणि मला वाटलं ती आता हसेल. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "म्हैस राहिली ना आता, रडतीस काय?" मी म्हणाले.

"म्हशीचं न्हाई गं," आई म्हणाली. "येतंय की त्यास्नी. मला वाटलं, येतच न्हाई."

ती आत गेली नाही. गाठोडं माझ्याकडे देऊन, घागरींचं निमित्त सांगून परत डोंगर चढून गेली. वडिलांनी गाठोडं सोडलं, इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "कोण आलतं?" मी खरं सांगितलं. तिनं काय ऐकलं तेही सांगितलं, आणि ती काय म्हणाली तेही. मला गप्प बसता येत नाही.

व्यापारी दुसरी म्हैस घेऊन गेला. वडील संचालक राहिले. पुढं छावणी उठली आणि वडील म्हशीला घेऊन घरी आले. आईनं ताट वाढलं. वडील पाटावर बसले, भाकरीचा तुकडा मोडला, तो तसाच हातात धरला. घसा साफ केला. मला वाटलं, आता मिठाचा विषय निघणार.

त्यांनी आईकडे बघितलं नाही. ताटाकडे बघत, म्हशीशी बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "खायी क्या गे?"

आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"न्हाई अजून," ती म्हणाली, आणि स्वतःचं ताट घेऊन त्यांच्यासमोर बसली.