स्टिअरिंगला दिलेले नऊ गुण

गाड्यांच्या कारखान्यातल्या चाचणी विभागात त्यांना सगळे वैद्यबुवा म्हणत. गाडी कोणतीही असो, बुवा स्टिअरिंग मुठीत धरत नसत. नाडी बघावी तशी बोटं हलकेच टेकवत आणि डोळे बारीक करत. मग गाडी चालवता चालवता समोरच्या माइकमध्ये बोलत राहत. तिथली पद्धतच तशी होती. अंगाला जे जाणवेल ते तिथल्या तिथे तोंडाने बोलायचं आणि शेवटी दहापैकी गुण द्यायचे. मोजायची यंत्रं नंतर लागत. आधी माणूस, आणि माणसांत आधी बुवा.

गेले काही आठवडे मात्र बुवांच्या हातांची बोटं झोपेतून धड उठतच नव्हती. एका सकाळी शर्टाचं वरचं बटण काही केल्या लागेना, तेव्हा त्यांनी बायकोला हाक मारली.

"एवढी वर्षं संसार झाला आणि आता लाड करून घ्यायचं सुचतंय होय?" बटण लावता लावता ती म्हणाली. मग तिची नजर खाली गेली. "बोटांना काय झालंय?"

"काही नाही. हात अंगाखाली आला होता झोपेत."

"रोज येतो?"

"ही नवी गाडी एकदा हातावेगळी होऊ दे. मग दाखवतो डॉक्टरला."

डॉक्टरला दाखवणं म्हणजे काय, ते बुवांना ठाऊक होतं. विभागात अंगाची तक्रार निघाली की स्टिअरिंग सुटलंच म्हणून समजायचं. त्यांच्या जोडीचा एक चालक पाठीने हैराण झाला, तो आता टायरच्या गोदामात बसायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, "आज कुठली काढली रे बाहेर?" तो प्रश्न टाळायला बुवा गोदामाला वळसा घालून जायचे.

नवी गाडी होतीच तशी. उंच, रुंद, मऊ चामड्याच्या आसनांची. खडकावर चढेल आणि आतल्या माणसाची झोप मोडणार नाही अशी. अर्धी बॅटरीवर चालणारी, अर्धी पेट्रोलवर. शेजारी बसायला इंजिनिअर मुलगी होती, दोनच वर्षांपूर्वी लागलेली. आत शिरताना ती म्हणाली, "काका, चपला बाहेर काढाव्यात असं वाटतंय हो."

डांबरी रस्त्यावर गाडी निघाली ती नुसती सरकत. बॅटरीवर असताना आवाज नाहीच. कसोटीची जागा पुढे होती: मध्येच इंजिन जागं होतं, तेव्हा हाताला धक्का कळता कामा नये. बुवा वाट बघत राहिले. शेवटी त्यांनीच विचारलं, "इंजिन लागायचंय का अजून?"

"मघाशीच लागलं की!"

बुवा खूश झाले. एवढी वर्षं ढीगभर गाड्या चालवल्या, पण असं गुळगुळीत काम कधी हाताखाली आलं नव्हतं. महागडी गाडी म्हणतात ती हीच, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. माइकमध्ये ते म्हणाले, "स्टिअरिंग म्हणजे निजलेलं बाळ. नऊ."

सातच्या वर जाताना बुवांचा जीव जायचा, हे सगळ्यांना माहीत होतं. नऊ ऐकून साहेब स्वतः बाहेर आले आणि पाठीवर थाप मारून गेले.

दुपारी त्याच रस्त्यावर तीच गाडी घेऊन मुलगी फिरून आली. कपाळाला आठ्या घालूनच उतरली.

"काका, वेग वाढवला की स्टिअरिंग थरथरतंय. बारीक, पण सारखं. तुम्हाला नाही लागलं हाताला?"

"नवीन आहे गाडी, लाजत असेल," बुवा हसले. हसता हसता त्यांना घाम फुटला.

"मला भास झाला म्हणता?"

साहेबांनी मध्येच तोडलं. "बुवांनी नऊ दिलेत ना? मग झालं. उद्या कच्च्या रस्त्यावर न्या. खडकांचा टप्पा, आडवा उतार, सगळं."

बुवांनी खिशात हात घालून बोटं एकमेकांवर घासून पाहिली. हातमोजे घालून हातमोजे चाचपावेत तसं वाटलं. सकाळी गुळगुळीत होती ती गाडी, की आपला हात?

संध्याकाळी घरी बायको फडकं शोधत होती आणि दूध वर यायला लागलं. बुवा उठले, पातेलं दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं आणि परत येऊन बसले. बायको फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"भाजलं नाही तुम्हाला?"

बुवांनी बोटं पाहिली. लाल झाली होती. आता उशीर झाला होता, तरी ते "हाय" म्हणाले.

"नाटकं पुरे. कधीपासून आहे हे?" तिने त्यांचे हात नळाखाली धरले. सगळं ऐकून घेतलं, नऊ गुणांचंही. मग विचारलं, "उद्या गाडीत तुमच्या शेजारी कोण बसणार?"

"आहे एक मुलगी. इंजिनिअर आहे."

"तिच्या आईला माहीत आहे का हे?"

बुवांनी हात काढून घेतले. "एका उताराचा तर प्रश्न आहे."

"मी उताराचं विचारलंच नाही," ती म्हणाली आणि मलम आणायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी टेकडी चढताना बुवांनी सगळे उपाय करून पाहिले. स्टिअरिंगला मनगट टेकवलं. कोपराजवळची कातडी लावून पाहिली. गुडघाही वर घेतला. चाकाखालून दगड निसटत होते, गाडी एका अंगावर कलत होती आणि बुवा माइकमध्ये "ठीक... ठीक आहे... सात," असं म्हणत होते. मुलीने वरची कडी घट्ट धरली होती. तिच्या बाजूला खाली नुसती झुडपं आणि पोकळी.

"काका, मनगटाने का चालवताय?"

माथ्यावर पोचल्यावर समोर उतार आला. बोनेटपलीकडे जमीनच दिसेना. बुवांनी गाडी थांबवली. बॅटरीवर होती, त्यामुळे एकदम सामसूम झाली. मुलीचा श्वास तेवढा ऐकू येत होता. चढताना तो जोरात चालला होता आणि आपल्याला कळलंही नव्हतं, हे बुवांच्या लक्षात आलं.

त्यांनी हँडब्रेक ओढला, बटण दाबून गाडी पुरती बंद केली. "ताई, कालचे नऊ धरू नकोस. माझ्या बोटांना काही कळत नाहीये. बरेच दिवस झाले."

तिने वरची कडी सोडली. "काल दुपारी मी विचारलं तेव्हा माहीत होतं?"

"तेव्हाच शंका आली."

"आणि तरी मला घेऊन वर आलात? काका, दरी माझ्या बाजूला होती!"

ती दार आपटून उतरली, पुढच्या चाकांना दगड लावले आणि पाठीवर पडून गाडीखाली सरकली. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "इकडे या."

बुवा गुडघ्यांवर वाकले. चाकाला जाणाऱ्या दांड्याचा सांधा तिने धरला होता. "हात लावा इथे."

त्यांनी लावला. काही कळलं नाही. मग तिने दांडा हलवला आणि सांधा सैल दातासारखा डुगडुगताना बुवांनी डोळ्यांनी पाहिला. या उतारावर तो निसटला असता, तर हात चांगले असते तरी उपयोग झाला नसता.

मुलीने फोन लावून गाडी ओढून न्यायला सांगितलं. कारण सांगितलं नाही. "खाली येऊन बोलते," एवढंच म्हणाली.

"मीच सांगतो साहेबांना," बुवा म्हणाले.

"तुम्ही सांगाल ते सांगा. मला माझं सांगायचंय."

ती पायवाटेने निघाली, मागे न बघता, झपाझप. बुवा तिच्या मागे. दगड सुटे होते. आधाराला हाताशी आलेलं झुडूप नीट धरलं आहे का, हे त्यांना दर वेळी बघावं लागत होतं. त्यात ते मागे पडले. खाली मोकळ्या जागेत साहेब आणि चार माणसं टेकडीकडे तोंड करून उभी होती. मुलगी त्यांच्यापर्यंत पोचली. तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण साहेबांनी मान वर करून टेकडीकडे पाहिलं, ते दिसलं.

बुवांचा अजून अर्धा उतार बाकी होता. त्यांनी पुढचं झुडूप धरलं, धरलंय ना ते पाहिलं, आणि पाय खाली टाकला.