हरणाच्या फासळ्या आणि दोन जातीची पाती: नाकात्सुगावाच्या डोंगरात एक शनिवार-रविवार

"धार तू लावलीस, तर ती कशी चालते ते बघायलाही तूच ये," असं ओकादा-सान म्हणाले आणि मी लगेच हो म्हणून बसलो. कुठे जायचं, किती लांब, थंडी किती, काही विचारलं नाही. माझं हे असंच असतं. रविवारी खोलीत पडून मोबाईल बघण्यापेक्षा कुठंही गेलेलं बरं.

ओकादा-सान म्हणजे आमच्या नागोयातल्या वर्कशॉपचे जुने फोरमन. रिटायर होऊन गावी गेले, वय सत्तरच्या पुढे. मी त्याच वर्कशॉपमध्ये टूल ग्राइंडिंगला, म्हणजे कापायच्या हत्यारांना धार लावायला आहे. दहावीत गचकल्यावर सिन्नरच्या एमआयडीसीत हे काम शिकलो आणि त्याच कामानं इथवर आणलं. तर हे ओकादा-सान ऑक्टोबरात एक छोटी डबी घेऊन आले. डबीत बाणाची टोकं. त्यांना ब्रॉडहेड म्हणतात. म्हणजे नुसतं टोचणारं टोक नाही, त्याला पाती असतात, हरणाच्या शिकारीसाठी.

मला वाटलं म्हातारबा इथल्या डोंगरात बाण मारत फिरतात. तसं नाही. जपानमध्ये धनुष्यबाणानं शिकार करायला बंदी आहे. बंदूक किंवा सापळा, तेही लायसन्स असेल तर. म्हणून ज्याला हा नाद आहे तो परदेशात जातो. ओकादा-सानची लेक न्यूझीलंडला दिलेली आहे. तिकडे हे चालतं, आणि गंमत म्हणजे तिकडच्या रानात इथल्याच जातीची हरणं आहेत, कोणीतरी कधीकाळी नेऊन सोडलेली. एप्रिलचं तिकीट काढून ठेवलेलं. पण मधे खांद्याचं ऑपरेशन झालं आणि पूर्वी साठ पौंडाचं धनुष्य ओढणारा माणूस पंचेचाळीसवर आला.

डबीत दोन जातीची टोकं होती. एक फिक्स, अख्ख्या पोलादाचं, पाती कायम बाहेर. दुसरं उघडणारं, उडताना पाती मिटलेली, लागलं की फाकतात. कोणतं न्यायचं हे ठरत नव्हतं. त्यांनी फिक्सची तीन टोकं माझ्याकडे धारेला दिली. मी जीव लावून काम केलं. हातावरचे केस उडवून दाखवले तेव्हा ते नुसतं "ओ" म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी मी आणि अमोल निघालो. अमोल माझा खोलीतला जोडीदार, संगमनेरचा. त्याला शिकारीचं काही घेणंदेणं नाही, फुकट राहायची सोय आहे म्हटल्यावर आला. जाणाऱ्यांसाठी सांगतो: नागोयाहून चुओ लाइनची गाडी पकडायची, नाकात्सुगावापर्यंत सव्वा तासाच्या वर लागतो, तिकीट तेराशे-चौदाशे येन. डाव्या-उजव्या बाजूचा विचार करू नका, दोन्हीकडे डोंगर आहेत. पुढे गावात जायला बस आहे पण मोजक्याच फेऱ्या, चुकली तर बसा. आम्हाला घ्यायला ओकादा-सान त्यांचा पांढरा छोटा ट्रक घेऊन आले होते. पुढे दोनच सीट. मागे बसणं कायद्यात बसत नाही, म्हणून ते दोन फेऱ्या मारणार होते. मग त्यांच्या मिसेस, सगळे त्यांना ओकुसान म्हणतात, दुसरी गाडी घेऊन आल्या आणि प्रश्न सुटला.

स्टेशनबाहेर गोहेइमोची खाल्ली. भात कुटून काठीला थापतात, वर अक्रोड आणि मिसोची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, गोडसर चटणी लावून निखाऱ्यावर भाजतात. अमोलनं तीन खाल्ल्या.

"शनिवार आहे ना आज," तो म्हणाला. "घरी गेल्यावर ते हरीण वाढतील. मी आत्ताच भरून घेतो."

"मारुती इथं बघायला येणार आहे का?"

"त्याला डोंगर उचलून यायला वेळ लागतो होय रे?"

गाव म्हणजे वीस-पंचवीस घरं, अर्धी बंद. शेतांना सगळीकडे विजेची तार. हरणं भात खातात, सालं ओरबाडतात, कोवळी झाडं संपवतात. गावातली सापळ्याची टोळी वर्षभर पकडत असते. त्यांनी आदल्या दिवशी पकडलेल्या हरणाची कातड्यासकट फासळ्यांची चौकट ओकादा-सानसाठी ठेवली होती. मांस ओकुसाननी आधीच काढून घेतलेलं.

चहा पिताना मला खरा मुद्दा कळला. ओकुसान हसत नव्हत्या. मोडक्या जपानीत मला जेवढं उमगलं ते असं: नवऱ्यानं जावं याला त्यांची ना नाही. पण जुन्या ताकदीच्या भरवशावर जाऊन कुठलं जनावर जखमी करून पळवलं, आणि ते चार दिवस रानात तडफडून मेलं, तर ते त्यांना घरात नको. दोघांचं ठरलं होतं. पंचेचाळीस पौंडावर वीस मीटरवरून फासळ्या पार झाल्या तर जायचं. दोन्ही जातीची पाती नापास झाली तर तिकीट रद्द.

"आणि हिशेब कोण करणार?" अमोलनं हळूच मला विचारलं.

"ओकुसान."

"मग गेला बाबा न्यूझीलंडला."

घरामागे उताराच्या शेतात जुन्या तातामी चटयांची थप्पी रचलेली होती. बाण अडवायला ती एकदम झकास. पुढे फासळ्या टांगल्या. ओकादा-सानचं धनुष्य चाकांचं, दोन टोकांना कप्प्या. ओढताना सुरुवातीला जड, मग एकदम हलकं होतं. मी ओढून बघितलं. अर्ध्यावरच अडलं. अमोलनं ओढलं नाही, फोटो काढले.

आधी उघडणारं पातं. मला सगळ्यात कुतूहल त्याचंच होतं. त्याला कसं कळतं की आता उघडायचं? काही नाही, पात्यांच्या टोकाला पुढे छोटी शिंगं आलेली असतात. ती कातड्याला अडली की पाती मागे ढकलली जातात आणि फाकतात. तोवर एक बारीक रबरी कडं त्यांना मिटून धरतं. उडताना वाऱ्याला धरायला काही नसतं म्हणून साध्या सरावाच्या बाणासारखं सरळ जातं. पण दार ढकलायला जोर लागतो तसा पाती उघडायलाही जोर लागतोच, आणि तो बाणाच्याच खिशातून जातो.

पहिला बाण जिथं म्हटलं तिथं. कातड्यावर भलीमोठी चीर. पण आत बघितलं तर फासळीला अडून थांबलेला. दुसरा तिरका मारला. एक पातं उघडलं, एक अर्धवटच. ओकुसान जवळ गेल्या, चष्मा वर करून बघितलं.

मग फिक्स. माझ्या धारेचं. मी जरा पुढे सरकून उभा राहिलो. बाण हातभर नाही पण चार बोटं उजवीकडे गेला, कारण बाहेरची पाती वाऱ्यात शेपटासारखं काम करतात आणि धनुष्य त्यांच्यासाठी जुळवावं लागतं. फासळीवर लागला. थांबला. दुसराही थांबला.

ओकादा-साननी धनुष्य पुसलं, पिशवीत ठेवलं आणि चेन ओढली. "सो का," म्हणाले. म्हणजे असं आहे तर.

"चला, अंघोळीला," ते म्हणाले. जवळ गरम पाण्याचं सार्वजनिक स्नानगृह आहे, काही शे येनात होतं, थंडीत चुकवू नका. फक्त गोंदण असेल तर आत घेत नाहीत. अमोलच्या मनगटावर "आई" गोंदलेलं आहे. काउंटरवरच्या बाईनं त्यावर चिकटपट्टी लावायला दिली.

"आईला झाकून अंघोळ," अमोल म्हणाला. "घरी सांगू नकोस."

मी पाण्यात बसलो होतो पण डोकं फासळ्यांपाशीच. साठ पौंडावर जमत होतं ते पंचेचाळीसला अजिबातच का जमू नये? फिक्स पातं तर कमी जोराच्या धनुष्यासाठीच चांगलं, असं ओकादा-सान स्वतः महिनाभर सांगत होते. परत आल्यावर मी शेतात गेलो आणि थांबलेलं टोक फासळीतून काढलं. धुतलं. धारेवरून नख फिरवलं. नख अडकलं. उजेडात धरलं तर पातं जिथं हाडाला लागलं तिथं धार पत्र्यासारखी मुडलेली.

मग लक्षात आलं. मी धार लावली होती ती मासे कापायच्या सुरीची. इथं आल्यापासून तीच कौतुकाची धार, पातळ, निमुळती, केस उडवणारी. पोलाद कापायच्या टूलला आम्ही कधी तसा कोन देतो का? नाही देत, कड लगेच बसेल. माझ्या डोक्यात होतं हरीण म्हणजे मांस. हाड मी विसरलो. बाण पातं वाकवण्यातच दमला होता.

ओकादा-सान व्हरांड्यात बसले होते. मी टोक त्यांच्यापुढे ठेवलं आणि जेवढी जपानी येते तेवढीत सांगितलं, "पातं नापास नाही. धार नापास आहे. माझी."

त्यांनी खिशातलं भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाले, "सोमु-कुन, घेताना मीही बघितली होती. केस उडाले म्हणून खूश झालो. चाळीस वर्षं फोरमन होतो मी."

आतून ओकुसान म्हणाल्या, "दोघांना मिळून एक भिंग."

रात्री जेवायला हरणाचा रस्सा, दाइकोन मुळा घातलेला. मी दोनदा घेतला. चव मटणापेक्षा बकरीच्या कलेजीकडे झुकणारी, चरबी नाहीच. अमोलला ओकुसाननी न विचारता वेगळी भाजी आणि चटणीभात दिला. त्याला इतकं बरं वाटलं की भांडी त्यानंच घासली.

रविवारी सकाळी शेतावर दव गोठलेलं होतं. मी नळापाशी दगड घेऊन बसलो. पातं जरा उभं धरून घासलं, जाड कोन, केस उडणार नाहीत असा. दिसायला ती धार काहीच नाही. ओकादा-सान शेजारी उकिडवे बसून धनुष्याचा बाण-टेकू कणाकणानं सरकवत होते, म्हणजे बाण उजवीकडे जाऊ नये.

वीस मीटर. बाण सुटला आणि फासळ्या नुसत्या हलल्या. मला वाटलं चुकला. ओकुसान पुढे गेल्या, मग मागच्या चटयांपाशी गेल्या. बाण दोन्ही बाजू पार करून पिसांपर्यंत चटईत रुतला होता. दुसराही तसाच. मुडलेलं काही नाही.

"तीसवर मारा," ओकुसान म्हणाल्या.

तीसवर फिक्स पुन्हा चार बोटं भरकटलं. उघडणारं मारलं, ते बरोबर जागी गेलं, पण फासळीत थांबलं. म्हणजे लांबून नेम धरणारं आत जात नाही, आणि आत जाणाऱ्याचा लांबून नेम नाही. मला वाटलं होतं एक चांगलं निघेल, एक वाईट. तसं नव्हतंच.

"फिक्स नेणार," ओकादा-सान म्हणाले. "वीसच्या आतच मारणार."

"आणि हरीण पंचवीसवर उभं राहिलं तर?" ओकुसान.

"तर बघेन त्याच्याकडे."

"बघालच तुम्ही," त्या म्हणाल्या आणि फासळ्या सोडायला लागल्या. तिकीट मात्र कायम राहिलं.

दुपारच्या गाडीनं आम्ही परत. तुम्ही जाणार असाल तर नोव्हेंबर चांगला, जाड मोजे घ्या, पायवाटेनं फिरणार असाल तर अस्वलासाठी घंटा घ्या, स्टेशनजवळ मिळते. शिकार बघायला मिळेल या आशेनं जाऊ नका. आम्हालाही मिळाली नाही.

खोलीवर आल्यावर काय राहिलं म्हणाल तर एक वाईट सवय. आता प्रत्येक टूल हातात आलं की आधी विचारतो, हे कशावर आपटणार आहे? नवीन फोरमन वैतागतो. ड्रॉइंगमध्ये लिहिलंय ना, म्हणतो.

मे महिन्यात ओकादा-सान वर्कशॉपवर आले. सगळ्यांना न्यूझीलंडची बिस्किटं, आणि माझ्यापुढे ती डबी. मी उघडली. आत फिक्सची टोकं. माझी जाड धार जशीच्या तशी, एकावरही नवा ओरखडा नाही.

"मिळालंच नाही?"

"मिळालं. मोठा नर होता. अठ्ठावीस-तीसवर येऊन चरत राहिला. पुढे आला नाही. मी गुडघ्यावर होतो, गुडघा गेला." ते गुडघा चोळत हसले. "मग तो गेला."

मला राहवलं नाही. "उघडणारं पातं असतं तर?"

त्यांनी डबीचं झाकण लावलं.

"तर मारलं असतं," ते म्हणाले. "अर्धं."

मग त्यांनी मला विचारलं की ओकुसानसाठी भाजी कापायची सुरी आणली आहे, तिला धार कोणती लावशील. मी विचारलं, त्या काय काय कापतात ते आधी सांगा.