मोडक्या टोकाचा सात

माझ्या मित्रानं मला फसवलं. माझ्या गाडीचं इंजिन त्याच्या हातून फुटलं, त्यानं गुपचूप दुसरं आणलं, त्यावर माझ्या इंजिनाचा नंबर ठोकला आणि जाब द्यायची वेळ आली तेव्हा सरकारी माणसासमोर हात झटकले. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढं वाचताना तो तुम्हाला देवमाणूस वाटेल. मला तीस वर्षं वाटत होता.

माझे वडील पेठ वडगावच्या बाजारात बैलांची दलाली करायचे. तिथं भाव तोंडानं बोलत नसत. घेणाऱ्यानं आणि देणाऱ्यानं एका टॉवेलाखाली हात घालायचे, बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवतीच्या गर्दीला फक्त टॉवेल हलताना दिसायचा. मी दावी आणि घुंगरं विकत वडिलांच्या मागं फिरायचो आणि त्यांच्या चेहऱ्यावरून टॉवेलाखाली काय चाललंय ते ओळखायचो. त्यांचा एकच नियम होता. "हात द्यायच्या आधी दात बघ, खूर बघ, चार चकरा मारून बघ. एकदा हात दिलास की परत दात बघायचं न्हाईत. बघितलंस तर समोरच्याला तोंडावर चोर म्हटल्यागत हुतंय."

त्या नियमावर मी धंदा उभा केला. दाव्यांवरून जुन्या पंपांवर आलो, पंपांवरून जुन्या ट्रॅक्टरांवर. कुणाच्या ओळखीनं नाही की कुणाच्या उपकारानं नाही. ट्रॅक्टर घेताना मी भाव असा घासतो की विकणारा शेवटी म्हणतो, "न्या बाबा, पण गप बसा." माझ्या तोंडाची ख्याती मला ठाऊक आहे. पण आजवर मला कुणी टोपी घातली नव्हती.

गाडी मला अशाच एका ट्रॅक्टरच्या मागं सापडली. सीमेकडच्या गावात एका जैन व्यापाऱ्याच्या गुळाच्या गोदामात गेलो होतो. कोपऱ्यात गोणपाटांखाली काहीतरी बुटकं झोपलं होतं. गोणपाट ओढलं, तर दोन दारांची जुनी जपानी स्पोर्ट्स गाडी. माझ्या कमरेएवढी उंच, पुढचे दिवे बॉनेटमध्ये मिटलेले. रंग एके काळी लाल असावा. आत उंदरांनी संसार थाटला होता.

"अण्णा, हे काय?"

"थोरल्या भावाची. आफ्रिकेत दुकान हुतं, येताना बोटीतनं आणली. त्यो गेला, तवापास्नं हितंच हाय. पावणं, तुम्ही ट्रॅक्टर बघायला आलायसा न्हवं?"

"ट्रॅक्टर बघून झाला."

"हिच्यात ऊस भरत न्हाई, चार माणसं बसत न्हाईत. न्हिऊन करणार काय?"

"पुसणार."

म्हातारा हसला आणि त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला. गुळाच्या सौद्यात मुरलेला माणूस, बोटं थरथरत होती पण दाबताना चुकत नव्हती. मात्र हात द्यायच्या आधी मी दोन तास दात बघितले. जमिनीवर झोपून बॅटरी मारली. चासीचा नंबर वाचला. इंजिनावरचा नंबर चिंधीनं पुसून वाचला आणि आरसी बुकाशी एकेक आकडा ताडला. त्या दिवशी ते आकडे कारखान्याचे होते. बारीक, एका ओळीत, सारख्या खोलीचे. हे मी शपथेवर सांगेन.

गाडी टेम्पोतून घरी आणली आणि परड्यात पत्र्याची शेड ठोकली. बायको बाहेर आली, एक फेरी मारली आणि म्हणाली, "गाडी हाय का कासव?"

दुसऱ्या दिवशी मी मित्राला बोलावलं. तो टर्नर. उद्यमनगरात त्याचं लेथ आणि बोअरिंगचं दुकान आहे. मोठमोठ्या कारखान्यांचे फोरमन अडलेलं काम घेऊन त्याच्याकडं येतात. माझ्या पहिल्या पंपापासून प्रत्येक यंत्राचं पोट त्यानं बघितलं होतं. तो गाडीखाली शिरला, अर्धा तास बाहेरच आला नाही. आला तेव्हा दाढीला जाळी लागली होती.

"भावा, ही गाडी मी करणार. तू फकस्त पाने दे आणि तोंड बंद ठेव."

चार वर्षं, एकही रविवार न चुकता, आम्ही त्या शेडमध्ये होतो. पहिले सहा महिने नुसते ती उघडण्यात गेले. नट-बोल्ट हरवू नयेत म्हणून मी तुपाचे रिकामे डबे गोळा केले, त्यानं ॲल्युमिनियमच्या पट्टीचे चाळीस बिल्ले कापले, प्रत्येकावर पंचानं इंग्रजी आकडा ठोकला आणि ते डब्यांना तारेनं बांधले. पंच म्हणजे पोलादी ठसा, हातोडीनं हाणला की धातूवर आकडा उमटतो. हा त्याचा जुना संच, त्याच्या वडिलांचा. त्यातल्या सातच्या आडव्या रेघेचं डावं टोक तुटलेलं होतं. मी चिडवलं होतं, "अरे, हा सात हाय का एक?" तो म्हणाला, "बाचा हाय. टाकवत न्हाई." हे लक्षात ठेवा.

मग जोडणी. जपानी सुटे भाग मिळत नव्हते, तिथं आम्ही आमचं डोकं चालवलं. झाकलेले दिवे वर उचलणारी मोटर जळाली होती, तिथं एका भंगार व्हॅनच्या वायपरची मोटर बसवली. रेडिएटर गावातच दुप्पट जाड करून घेतला, कारण मूळचा थंड देशाचा होता आणि आमच्याकडं घाट आहे. स्प्रिंगा दीड बोटानं उंच केल्या, नाहीतर आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावरच ती बसली असती. पहिल्यांदा बटण दाबलं आणि दोन्ही दिवे डोळे उघडल्यासारखे वर आले, तेव्हा बायको टाळ्या वाजवत आली. "आता बघायला लागलं की वो कासव!" मित्र म्हणाला, "वैनी, अजून पळायचं हाय त्याला."

इंजिन शेवटी राहिलं. ब्लॉक म्हणजे इंजिनाचा बिडाचा सांगाडा, नंबर त्याच्यावरच असतो. त्यातले चार सिलिंडर झिजले होते, ते कोरून, म्हणजे बोअरिंग करून, आत लायनरच्या नव्या नळ्या दाबून बसवायच्या होत्या. त्याच्या दुकानात न्यायचं ठरलं तेव्हा मी विचारलं, "काय घेणार?" त्यानं तेलकट चिंधी उचलली, आमच्या दोघांच्या हातांवर टाकली आणि खालून माझ्या तळव्यात मिटलेली मूठ ठेवली. बाजारात मिटलेल्या मुठीला भाव नसतो. काही घेणार नाही. मग त्यानं एक बोट उघडून दाबलं. 

"हे एक काय?"

"जोतिबाचा घाट. पैल्यांदा मी चालवणार."

मी हात दिला. माझ्या आयुष्यातला तो पहिला सौदा, ज्यात मी घासलं नाही.

दोन महिन्यांनी इंजिन आलं. धुतलेलं, काळा रंग दिलेलं, नव्यासारखं. मी त्याच्याभोवती फिरलो, हात फिरवला. नंबर वाचला नाही. बैलाच्या जबड्यात हात घालून वय सांगणारा मी, शंभर ट्रॅक्टरांचे नंबर उन्हात झोपून वाचलेला मी, त्या दिवशी वाकलोसुद्धा नाही. हात दिला होता.

घाटात त्यानं चालवली. सकाळचं धुकं होतं, गाडी वळणावळणाला आवळून धरल्यासारखी वर चढत होती. मी लहान पोरासारखा ओरडत होतो, "चांगभलं! दाब, दाब की!" तो स्टेअरिंगवर झुकून पुढचं वळण बघत होता. वर गेल्यावर देवापुढं एवढा वेळ वाकून राहिला की मागच्या बाईनं त्याला हटकलं, "पावणं, देव आमचा बी हाय." परत येऊन त्यानं बॉनेटला गुलाल लावला, तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मला वाटलं, आनंद. त्याच्या आनंदानं माझेही भरले. आता कळतं की जे त्यानं मला सांगायला हवं होतं ते तो देवाला सांगून आला होता.

रस्त्यावर कायमची आणायची तर गाडीचं पासिंग करून नोंदणी नव्यानं करून घ्यायची होती. परिवहन कार्यालयाच्या अंगणात निरीक्षकानं बॉनेट उघडायला लावलं. शांत माणूस. त्यानं इंजिनाच्या नंबरावर पातळ कागद धरला आणि वरून पेन्सिल घासली. आकडे उमटले. तो कागद त्यानं उजेडात धरला, मग पुन्हा इंजिनावर वाकला, नखानं खरवडलं.

"जागा घासलेली आहे. नंबर मागाहून ठोकलाय."

"कुणी सांगितलं?" मी आवाज चढवला. "चार वर्षं हाडं झिजवलीत हिच्यावर. मी स्वतः वाचून घेतलेली गाडी हाय!"

"मग वाचा की परत."

त्यानं कागद माझ्या हातात दिला. नंबरात दोन सात होते. दोघांच्याही आडव्या रेघेचं डावं टोक तुटलेलं.

मी ओरडायचं थांबलो. निरीक्षकाला वाटलं असेल चोर सापडला. तो म्हणाला, "गाडी इथंच राहील. लेखी खुलासा द्या. नाहीतर मला पोलिसांना कळवावं लागेल." पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या ट्रॅक्टरांची कागदपत्रं घेऊन त्या अंगणात उभा राहिलोय. शिपायापासून सगळे ओळखतात. त्या सगळ्यांसमोर मी पायी बाहेर पडलो.

घरी जाऊन डबे काढले. सात, सतरा, सत्तावीस, सदतीस. चारही बिल्ले तेच बोलत होते. ते खिशात घालून थेट त्याच्या दुकानात गेलो आणि लेथवर आपटले. त्यानं मशीन बंद केली. नाकारलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं लिहितो.

"लायनर दाबताना ब्लॉक तडकला, भावा. दोन सिलिंडरच्या मधोमध. मी रडलो."

"मग मला सांगितलं का न्हाईस?"

"तुझं तोंड काय मला ठावं न्हाई? तू हितं यिऊन उद्यमनगर गोळा केलं असतंस. माझ्या हातनं काम फुटलं म्हणून बोंब झाली असती. म्हटलं, तसलाच ब्लॉक शोधावा. भंगारात घावला. नंबर तेवढा..."

"माझा ब्लॉक कुठं हाय?"

त्यानं चिंधी उचलून हात पुसले. "फाउंड्रीला गेला. बिडाच्या भंगारात. वितळला."

त्या दिवशी मी ओरडलो नाही. बायकोचाही यावर विश्वास बसत नाही. मी त्याला एवढंच म्हटलं, की फुटलं ते फुटलं, यंत्र आहे. दुसरा ब्लॉक बसवला असं साहेबांपुढं सांग, भंगारवाल्याची पावती दाखव, लेखी दे. इंजिन बदलल्याची नोंद होऊ शकते. नंबर ठोकला ही तुझी चूक, तेवढी कबूल कर. तो म्हणाला, "सोमवारी येतो." त्यानं हातसुद्धा पुढं केला. मी दिला. दुसऱ्यांदा.

सोमवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. निरीक्षकानं विचारलं, "इंजिनाचं काम तुम्ही केलंत? नंबराचं काय?"

माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "बोअरिंग मी केलं, साहेब. पण इंजिन माझ्याकडं आलं तवाच ह्यो नंबर असाच हुता."

मी खिशातून बिल्ले काढले आणि टेबलावर टाकले. "बघा साहेब, हा ह्याचाच पंच. हाच मोडका सात."

निरीक्षकानं बिल्ले उलटसुलट केले. "हे कुठं होते?"

"माझ्या शेडमध्ये."

"म्हणजे पंच तुमच्या शेडमध्ये होता," तो म्हणाला आणि तसं लिहून घेतलं. माझाच पुरावा माझ्यावर उलटला आणि मित्र शेजारच्या खुर्चीत बसून पंख्याकडं बघत होता. त्याच्या दुकानात तो संच आता नाही. मी जाऊन बघितलं. बापाची म्हणून जी वस्तू त्याला टाकवत नव्हती, ती मला बुडवण्यासाठी टाकवली.

लोक मला समजावतात. म्हणतात, नंबर ठोकणारा म्हणून नाव झालं तर मोठे कारखाने त्याला दारात उभं करणार नाहीत, त्यालाही पोरंबाळं आहेत. आणि मला? माझ्या धंद्यात कागदच नाव असतं. ज्याच्या स्वतःच्या गाडीचा नंबर खोटा, त्याच्याकडून ट्रॅक्टर कोण घेईल? परवा चंदगडकडचं एक जुनं गिऱ्हाईक आलं. मी दिलेल्या ट्रॅक्टरखाली तो बॅटरी घेऊन शिरला आणि नंबर वाचत बसला. हात दिल्यावर. माझ्यासमोर.

गाडी त्या अंगणात उन्हात उभी आहे. गुलाल अजून बॉनेटच्या फटीत आहे. खुलाशाची मुदत संपायला थोडे दिवस उरलेत.

मित्रा, हे तू वाचशील, कुणीतरी वाचून दाखवेलच. ब्लॉक फुटला त्याचा मी तुला जाब विचारत नाही. तो कुठल्यातरी पंपाचं झाकण होऊन एखाद्या विहिरीवर बसला असेल, बसू दे. तुझ्या मुठीत काहीच नव्हतं, म्हणून मी दात बघितले नाहीत. त्या हाताचं उत्तर दे. त्या साहेबाच्या टेबलासमोर माझ्या शेजारी उभा राहा, माझ्याकडं बघ आणि दोन शब्द बोल: मी ठोकला. कधी येतोस?