पाण्यात कॉस्टिक, कॉस्टिकमध्ये पाणी नाही

मी अकोल्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. माझी मोठी बहीण अमरावतीजवळच्या वलगावला राहते. तिच्या बचतगटानं भांड्यांचा साबण करायचं ठरवलं, तेव्हा कृती मीच फोनवर सांगितली. तेल किती, कॉस्टिक सोडा किती, पाणी किती. क्रम सांगायचा राहिला. आधी पाणी घ्यायचं आणि त्यात कॉस्टिक थोडं थोडं सोडायचं, उलट केलं तर ते उकळून अंगावर उडतं, हे कॉलेजातल्या मुलांना मी सतत बजावते. ताईला ते ठाऊक असेल, असं धरून चालले.

रविवारी सकाळी तिच्याकडे पोचले, तर ती अंगणात बसलेली. समोर जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज, तळाशी कॉस्टिकचे पांढरे पापुद्रे आणि तिच्या हातात पाण्याचा लोटा.

"ताई, थांब. जर्मनच्या भांड्यात नको," म्हणेपर्यंत तिनं पाणी ओतलं होतं. कॉस्टिक ॲल्युमिनियमलाही खातं; गंज फसफसून उसळला. ताईनं डावा डोळा दाबून धरला.

मी तिला ओढतच टाकीपाशी नेलं, मान कलती धरली आणि मगानं डोळ्यात पाणी सोडत राहिले. पापणी बोटांनी उघडी धरली होती.

"सोड मले. आग होऊन राहिली."

भाऊजी घरातून कापलेलं लिंबू घेऊन धावत आले. "हे डोळ्यात पिय. सोडा मरते यानं."

"लिंबू नको, भाऊजी. नुसतं पाणी."

त्यांनी शेजाऱ्याची गाडी दारात आणली. "चाला आता. डोळा जाईन तिचा."

"वीस मिनिटं तरी धुवावं लागेल."

"तू डाक्टर हायेस काय?"

मी पाणी सोडतच राहिले. तिच्या गालावरून ओघळणारं पाणी माझ्या बोटांना अजून बुळबुळीत लागत होतं, म्हणजे कॉस्टिक गेलेलं नव्हतं. भाऊजींच्या मोबाइलवर सातच मिनिटं झाली होती. टाकीतलं पाणी अर्ध्यावर आलं. उशीर करून मीच तिचा डोळा घालवत असेन तर, हा विचार हटेना. पण पाणी सोडणं थांबवलं नाही. बुळबुळीतपणा गेल्यावरच गाडीत बसलो. अमरावतीपर्यंत वाटेत बाटलीनं पाणी सोडणं चालूच होतं.

डॉक्टरांनी कॉस्टिक उरलंय का ते पाहायला डोळ्याच्या कडेला रंग बदलणारी कागदी पट्टी लावली, पुन्हा बराच वेळ डोळा धुतला. मग म्हणाले, "बुबुळाची कड भाजली आहे. नजर वाचेल बहुतेक. घरी धुतला म्हणून."

बाहेर बाकावर मी भाऊजींना सांगितलं, की क्रम सांगायचा माझ्याकडूनच राहिला होता. ते उठून औषधं आणायला गेले. ताईला सांगितलं, तर ती म्हणाली, "तू सांगतलं असतं तं म्या ऐकलं असतं काय, ते बी सांग."

नजर वाचली. त्या डोळ्यानं कडेला थोडं धूसर दिसतं. दोन महिन्यांनी गटानं पुन्हा साबण केला, स्टीलच्या भांड्यात, हातमोजे आणि बंद चष्मे घालून. मी मुद्दाम जाऊन शेजारी उभी राहिले. भाऊजी अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात.