नीळकंठाची जागा

आज विजेच्या तारेवर नीळकंठ दिसला. कुठे, ते सांगणार नाही. दसरा दोन दिवसांवर आला आहे. बसलेला असताना हा पक्षी मातकट, कुणाच्या डोळ्यांत न भरणारा. पण झेपावला आणि पंखांतली निळाई उघडली की माझे हात आजही आपोआप ओंजळीसारखे जुळतात. भक्तीने नव्हे. या ओंजळीत एक नीळकंठ मेला आहे.

सत्तरीचं दशक सरतानाची गोष्ट. वर्ध्याच्या, प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई गावोगाव रानावर, पाखरांवर व्याख्यानं देत फिरत. मी त्यांचा जुना विद्यार्थी; स्लाइड दाखवायचं यंत्र सांभाळायचो. त्यांचा एकच नियम होता: पाखरू दाखवायचं, जागा सांगायची नाही. कारण दसऱ्याला नीळकंठाचं दर्शन शुभ, आणि ते घरबसल्या घडावं म्हणून काही जण त्याला धरून, पंख बांधून, पिंजऱ्यातून दारोदार फिरवत.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी गिरडला व्याख्यान झालं. मी पडदा गुंडाळत असताना एकाने विचारलं, "भाऊ, हे पाखरू आपल्या इकडं कुठीसा दिसते?" इतक्या आदराने मला तोवर कुणी काही विचारलं नव्हतं. गावात येताना आम्ही पाहिलेलं विहिरीजवळचं वठलेलं झाड, पलीकडची तार, सगळं मी सांगून टाकलं.

आम्ही गावातच मुक्कामाला होतो. सकाळी पारासमोरून पिंजरा येताना दिसला. बाईंनी विचारलं, "जागा तू सांगितलीस?"

"नाही," मी म्हणालो.

पिंजरेवाला जवळ आला आणि माझ्याकडे पाहून हसला. "जागा बराबर निंघाली, भाऊ."

बाईंनी पिंजरा उघडून पाखरू माझ्या ओंजळीत दिलं आणि पंखांचे दोरे कापायला घेतले. माणसं जमली. एक म्हातारबुवा म्हणाले, "बाई, सनाची रीत हाये. तुमी काऊन आडव्या येऊन राह्यल्या?"

"रीत पाखरू आभाळात बघायची आहे, बाबा."

"आभाळात पाहाले टाइम कोनाले हाये?" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"वेळ नसेल तर पुण्यही मागू नका," बाई म्हणाल्या.

दोरे सुटले, पण नीळकंठ उडाला नाही. माझ्या तळहातावर त्याने मान टाकली. बाई तशाच पारावर चढल्या आणि पडद्याशिवाय, यंत्राशिवाय बोलत राहिल्या. निम्मे लोक निघून गेले, तरी त्या थांबल्या नाहीत. जागा मी सांगितली, एवढंच गावासमोर म्हणायचं होतं. मी मेलेलं पाखरू धरून गप्प उभा राहिलो.

आता बाई नाहीत. व्याख्यानं मी देतो, आणि प्रत्येकाची सुरुवात त्या "नाही"पासून करतो. मागे गिरडलाच एक जण वैतागून म्हणाला, "दरसाली तेच सांगतं, राजा. पाखरू त कवाच मेलं."

"म्हनूनच सांगतो," मी म्हटलं. "पुढल्या दसऱ्यालेबी येईन."

वर्षं गेली म्हणून ओंजळ हलकी होत नाही, आणि ती व्हावी असं मला वाटतही नाही. त्या वजनानेच मी पारावर उभा राहू शकतो. आजचा नीळकंठ तारेवरून उडाला, शेतावर गिरकी घेऊन परत तिथेच येऊन बसला. ती जागा मला ठाऊक आहे. ती माझ्याबरोबरच जाईल.