मायच्या शिव्या

आमच्या मायची माया शिव्यांतूनच बाहेर पडायची. "खाय ना मुडद्या, थंडी झाल्यावर खाशीन का?" असं हसत म्हणायची अन् भाकरीवर तेलाची धार जास्तच सोडायची. वऱ्हाडात घरोघरी हेच. पुण्याच्या माणसाला वाटेल, भांडण पेटलं.

माझा धाकटा भाऊ परतवाड्याच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडला. डोक्याला मार बसला. दवाखान्यातून घरी आला तेव्हा चालणं, बोलणं, सगळं ठीक. मीही अकोल्याहून माहेरी आले होते. मायनं हसतच ताट वाढलं, "आला का मुडदा! मले वाटलं, मेलाच." आम्ही सगळे हसलो. भाऊ ताटावरून उठला, म्हणाला, "मायले मी मेलेलाच पायजे."

अमरावतीच्या डॉक्टरांनी समजावलं. चेहरा वाचणारी जागा शाबूत, शब्द समजणारी जागाही शाबूत. दोघी उलटसुलट सांगू लागल्या की मेंदूत त्यांचं आपसात बोलणं होतं अन् खरं काय ते ठरतं. याच्या त्या मधल्या वाटाच तुटल्या आहेत. तो नुसते शब्द धरतो, चेहरा सोडून देतो. म्हणाले, "गोड बोलत जा."

आता सांगा, मायला कुठं जमणार होतं गोड बोलणं? अन् वर्षंही कशी! कापूस लागोपाठ बुडालेला, आजूबाजूच्या गावांत कोणी ना कोणी औषध पिऊन गेल्याचं कानावर यायचंच. बाबांनी फवारणीचं औषध घरातून हलवलं. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सवयीनं मायच्या तोंडून 'मर' निघालं की मी खेकसायची, "तुह्या तोंडापायीच जाईन तो एखाद दिवशी!" ती जीभ चावायची. मला तिची दयाही यायची अन् रागही यायचा.

मग बिचारी शिकली. "बाळा, जेवून घे हं. आणखी वाढू का?" अगदी शाळेतल्या बाईंसारखं शुद्ध. चेहरा मात्र रडवेला.

भाऊ पोटभर जेवू लागला. मला वाटलं, चला, सुटलो. एके दुपारी जेवताना तो मला हळूच म्हणाला, "ताई, या बाई लय चांगल्या हायेत. पण माय काहून येत नाही मले पाहाले?"

माय चुलीपाशीच होती. तिनं ऐकलं. शिवी तिच्या ओठांवर आलेली मी या डोळ्यांनी पाहिली. तिनं ती गिळली, पदरानं डोळे पुसले अन् म्हणाली, "येईल हं, बाळा. येईल तुझी आई."