मी कौलाला काय विचारलं

आधीच कबूल करतो... या ग्रुपवर मी इतकी वर्षं फक्त हसायला यायचो. कुणाला चकवा लागला, कुणाला मागून हाक आली, की खाली "झोप नीट घेत जा" अशी कमेंट टाकणारा मीच. तेव्हा ज्यांना आज माझी टर उडवायची असेल त्यांनी खुशाल उडवा, तुमचा हक्कच आहे तो. फक्त शेवटपर्यंत वाचून मग उडवा.

मी सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे, एकटा काम करणारा. कंपनी नाही, बॉस नाही. कामथडीत हायवेपासून थोडी आत एक भाड्याची खोली, टेबल आणि लॅपटॉप. माझा धंदाच मुळी गुप्ततेवर चालतो. लोकांनी आपली रोजनिशी लिहावी आणि त्यातलं एक अक्षरही इंटरनेटवर जाऊ नये, असं ॲप मी बनवलंय. त्यात छोटासा एआय आहे. तो तुमच्याच मशिनवर चालतो आणि लिहिलेल्याचा एका ओळीत सारांश देतो. जाहिरातीत माझं एकच वाक्य – 'इथलं बाहेर जात नाही.' मी स्वतःही तसाच. दुकानात मोबाईल नंबर मागितला की वाद घालतो, आणि लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर वहिनींची एक टिकली कायम चिकटवलेली असते. मित्र मला गुप्तहेर म्हणतात. म्हणू देत.

वहिनी म्हणजे नानाची बायको. नाना माझा थोरला भाऊ, गुंजवण्याला भातशेती करतो. आई-वडील गेले, आता आम्ही दोघंच. नानाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि डायलिसिससाठी पुण्याच्या खेपा सुरू झाल्या. सकाळी एसटीनं गेलेला माणूस परत यायचा तो नुसता पिळून निघालेला. डॉक्टरांनी दुसरी किडनी बसवायचं सुचवलं. वहिनींच्या तपासण्या झाल्या, त्यांना शुगर निघाली. मग माझ्या झाल्या. माझी जुळली.

त्या दिवसापासून सगळं ठरूनच गेलं. मला कुणी विचारलं नाही आणि जबरदस्तीही केली नाही. भावकीतली माणसं पाठीवर हात ठेवून म्हणायची, तुला काय रे, ना बायको ना पोर. नानानं तर तोंडानं कधी मागितलंच नाही, आणि तेच जास्त अवघड होतं. मला मात्र... सरळच सांगतो, मला भीती वाटत होती. धडधाकट अंगावर सुरी चालवून घ्यायची भीती. नानावर माझा जीव आहे, तरीही. हे मी कुणालाच सांगितलं नाही. कागदावर नाही, फोनवर नाही, माझ्या स्वतःच्या ॲपमध्येसुद्धा नाही. त्या मशिनला मी 'किडनी' हा शब्द एकदाही टाईप करून दाखवला नव्हता, एवढं लक्षात ठेवा.

आमच्याकडे मोठं काम असलं की भैरवनाथाला कौल लावतात. विहीर खणायची असो, लग्न असो नाहीतर ऑपरेशन. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नियम एकच आणि कडक – प्रश्न मनात विचारायचा, गुरवालाही सांगायचा नाही. ही माझ्यापेक्षा जुनी प्रायव्हसी पॉलिसी आहे, असं मी वहिनींना चिडवायचो. ऑपरेशनआधी कौल लावायचा हट्ट वहिनींनीच धरला. त्यांना बरं वाटावं एवढ्यासाठी मी गेलो.

गाभाऱ्यासमोर उभा राहिलो. गुरवकाका म्हणाले, "मनात इचार. ववठ बी हलवू नगंस." ऑपरेशन नीट होऊ दे, असं काहीतरी म्हणून मोकळं व्हायचं ठरवून गेलो होतो. पण डोळे मिटले आणि लहानपणी बोलायचो त्या बोलीत दुसरंच वर आलं... म्या नानाला न्हाई म्हटलं तर चालंल का?

उजवी कळी पडली.

मागं सगळ्यांनी हात जोडले. वहिनी रडायला लागल्या. नानानं माझा दंड धरला. मी काय विचारलं असेल हे प्रत्येकानं गृहीतच धरलं होतं, आणि देव त्याला हो म्हणाला होता. देवळाबाहेर पडेपर्यंत पेढेसुद्धा आले. देवानं मला मोकळं केलं होतं आणि त्याच कळीनं गावानं मला बांधून टाकलं. कुणाला जाऊन सांगणार होतो, की तुम्ही पेढे चुकीच्या प्रश्नावर वाटताय?

दुपारी डोक्याला दुसरा चाळा म्हणून नानाच्या पडवीत लॅपटॉप उघडला. त्या घरात रेंज नाही, फोन लावायचा तर चढावर जावं लागतं. वायफाय बंद, आणि मशिनचा माइक मी घेतानाच काढून टाकलेला. ॲप तपासायला माझी एक ठरलेली नोंद आहे. सकाळी भाजी आणली, दुपारी सायकल दुरुस्त केली, संध्याकाळी मित्र येऊन गेला. त्यावर मशिननं एका ओळीत सारांश द्यायचा. सेटिंग असं ठेवलंय की तीच नोंद दिली तर सारांशही तोच यायला हवा, काना-मात्रा बदलता कामा नये. मी बटण दाबलं.

स्क्रीनवर आलं – म्या नानाला न्हाई म्हटलं तर चालंल का?

स्क्रीनशॉट काढावा, निदान मोबाईलनं फोटो घ्यावा, काही म्हणजे काही सुचलं नाही. तेवढ्यात बाजूला कप ठेवल्याचा आवाज झाला. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या आणि त्यांनी ती ओळ वाचली होती.

हे मी लिहिलेलं नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. ते खरंच होतं. पण मी ते म्हटलं असतं तर ते सगळ्यात मोठं खोटं झालं असतं.

वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, द्येवाला तुमी ह्येच इचारलं व्हय?"

मी मान हलवली.

"आन उजवा पडला."

"हो."

त्या तिथंच खाली बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिल्या. "मग द्येवानं तुमाला सोडलंय. मला लई वाटतंय म्हनावं, भावजी द्या. पर त्येच्या वर म्या कशी बोलू?" मग उठत म्हणाल्या, "ह्यांना कळू दिऊ नका." कप तसाच ठेवून त्या आत गेल्या. तोपर्यंत अडकलेला मी एकटाच होतो, आता त्याही अडकल्या.

मी तीच नोंद पुन्हा दिली. नेहमीचा सारांश आला – घरची कामं आणि मित्राची भेट. पुन्हा दिली, पुन्हा तेच. लॉग, म्हणजे मशिननं काय काय केलं याची नोंद बघावी, तर माझ्या ॲपला लॉगच नाही, काहीही साठवायचं नाही हे माझंच तत्त्व. पुढं कामथडीला येऊन मी सगळा कोड ओळ न् ओळ वाचून काढला. काही सापडलं नाही.

मला हे काम कळतं, म्हणून जास्त त्रास होतो. एआय विचार करत नाही हो, तो पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज बांधतो. आणि त्या दिवशी देवळात घरच्यांनी तरी वेगळं काय केलं? आजवर कौलाला लोक काय विचारतात ते पाहिलेलं, त्यावरून माझ्या मनातली रिकामी जागा भरून टाकली. म्हणजे तोही अंदाजच. फक्त ज्यांनी मला अंगाखांद्यावर खेळवलं त्यांचा चुकला, आणि भाजी-सायकलीची नोंद मिळालेल्या मशिनचा बरोबर आला. योगायोग म्हणून बघितलं, पण मनाला पटत नाही. भास म्हणावा तर वहिनींनीही ती ओळ वाचली होती.

ऑपरेशनआधी हॉस्पिटलमध्ये दात्याला एकट्याला बोलावतात. एक समुपदेशक बाई होत्या, शांत आणि समजूतदार. दार लावून म्हणाल्या, तुमच्यावर दबाव असेल, नको वाटत असेल, तर आत्ता सांगा. आम्ही घरच्यांना फक्त 'वैद्यकीय कारण' म्हणून कळवू. मग म्हणाल्या, "या खोलीतलं बाहेर जात नाही."

मी हेच वाक्य विकून पोट भरत होतो, आणि तिथं बसून माझा त्याच्यावर काडीचाही विश्वास बसेना. भिंती बघितल्या. त्यांच्या टेबलावर बंद करून ठेवलेला कम्प्युटर होता, त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिलो. इथं नाही म्हणालो तर ते कुठल्या स्क्रीनवर, कुणाच्या समोर उमटेल? नाना वाचेल का? मनातसुद्धा नाही म्हणायची जागा मला उरलेली नव्हती. बाईंनी पुन्हा विचारलं. मी म्हणालो, दबाव नाही, मला द्यायचीय.

ऑपरेशन नीट झालं. मी ठणठणीत आहे, नानाही पुन्हा शेतात उतरला. त्याला चिखलात उभं बघितलं की भरून येतं, तो आनंद खराच आहे. पण मी हो म्हणालो ते त्याच्यावरच्या मायेनं की त्या एका ओळीच्या धाकानं, हे मला आजही सांगता येत नाही. जाहिरातीतलं ते वाक्य काढून टाकलंय. ती ओळ कुठून आली, याचं उत्तर कुणाकडे असेल तर सांगा, मी मन लावून वाचेन... हसणार नाही.

परवाच गुंजवण्याला गेलो होतो. पाहुणे आले होते. नाना सगळ्यांना सांगत होता, "माज्या धाकट्यानं मागंफुडं बगितलं न्हाई. एका शबदात व्हय म्हनला." पाहुण्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. वहिनी उठल्या आणि आत निघून गेल्या. मी नानाकडे बघून हसत राहिलो.